दुकानाचं रिनोव्हेशन काढतोय, चालू इन्शुरन्सला काय काय कळवायचं?

महाद्वारवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात महाद्वार रोडला आमचं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे, आजोबांपासूनचं, जागा भाड्याची पण करार जुना. खाली दुकान, वर स्टोअर. आता एकदाचं रिनोव्हेशन काढायचं ठरलंय, म्हणजे जुने लाकडी रॅक सगळे जाणार, पोटमाळा उतरवायचा, एक आडवी भिंत काढून मागची खोली दुकानात घ्यायची, काचेचा फ्रंट, फॉल्स सीलिंग, तीन एसी, नवीन जिना. कोटेशन १८ लाखांचं आलंय पण धरून चाला २० ला टेकणार. लग्नसराई संपली की आषाढात काढायचं आणि गणपतीच्या आत शटर उघडायचं, कारण नवरात्रात आमच्या रोडला पाय ठेवायला जागा नसते, तोवर ढकलून चालणार नाही. मधले दीडेक महिने दुकान पूर्ण बंद.

माल निम्मा वरच्या स्टोअरमध्ये झाकून ठेवायचा आणि निम्मा उद्यमनगरात आतेभावाच्या शेडमध्ये हलवायचा असा विचार आहे.

आता मुद्द्याचं. सीसी लोन (मालाच्या तारणावरचं चालू कर्ज) आहे त्यामुळे बँकेनेच पॉलिसी काढून दिलीये, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा (छोट्या धंद्यांची फायर पॉलिसी), स्टॉक ४० लाख आणि फर्निचर-फिक्स्चर ६ लाख, सोबत बर्ग्लरी म्हणजे दुकानफोडीची वेगळी. दरवर्षी मार्चमध्ये खात्यातून पैसे कटतात आणि कागद घरी येतो, झालं. बँकेत जो इन्शुरन्सचा माणूस बसतो त्याला विचारलं तर म्हणाला काही करायला लागत नाही, मार्चमध्ये रिन्यूअलला आकडा वाढवून घेऊ. वडिलांचंही तेच म्हणणं. मला मात्र हे पटेना झालंय. काम चालू असताना काही झालं तर? आणि गणपतीपासून मार्चपर्यंत काही झालं तर? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

बिनधास्त_बाळ्या

भावा एवढं टेन्शन कशाला घेतो, गावात रोज कुणाचं ना कुणाचं दुकान रिनोव्हेट होतंय, कोण कंपनीला पत्र लिहीत बसतंय? मार्चमध्ये वाढव आकडा. उगाच आधी सांगितलंस तर प्रीमियम तेवढा वाढवतील.

पॉलिसी_काका

बाळासाहेब, पत्र न लिहिणारे शंभर असतात हे खरं, पण त्यातल्या ज्याचं जळतं त्याच्याकडे सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा, येतो तेव्हा बाकीचे नव्याण्णव साक्षीला येत नाहीत. जनरल इन्शुरन्समध्ये आयुष्य गेलंय, आता रिटायर आहे, कुणाची पॉलिसी विकायची नाहीये, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. जरा लांबेल.

महाद्वारवाले, आधी मार्चचं बघू कारण ते आकड्यात कळतं. तुमच्या कागदावर फर्निचर ६ लाख. काम झाल्यावर प्रत्यक्षात २० लाखांचं उभं असेल. समजा ऑक्टोबरमध्ये शॉर्टसर्किट होऊन ८ लाखांचं इंटिरियर गेलं. तुम्हाला वाटेल ६ लाखांची मर्यादा आहे तर ६ तरी मिळतील. तसं नाही. सर्व्हेअर म्हणणार की २० च्या मालमत्तेचा विमा तुम्ही ६ चाच घेतलाय म्हणजे बाकीच्याचा भार तुमच्यावर, म्हणून ८ गुणिले ६ भागिले २०, हातात २ लाख ४० हजार. याला ॲव्हरेज म्हणतात. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, जुन्या फायर पॉलिसीपेक्षा हे चांगलं केलंय, पण तुमची कमतरता ७० टक्के होतेय, ती माफी तिथे कुठे पुरणार.

आता कुणीतरी सांगेल की या पॉलिसीत ॲडिशन-आल्टरेशनला आपोआप कव्हर असतं. असतं, बरोबर आहे. १ एप्रिल २०२१ पासून या भारत नावाच्या पॉलिस्या आल्या (५ कोटींपर्यंतची जोखीम एका जागी असेल तर सूक्ष्म, त्याच्या वर ५० कोटींपर्यंत लघु) त्यात हे घातलेलं आहे. पण ते सम इन्शुअर्डच्या, म्हणजे विम्याच्या रकमेच्या, १५ टक्क्यांपर्यंत, तेही स्टॉक सोडून. म्हणजे तुमच्या बाबतीत ६ लाखांवर १५ टक्के, ९० हजार. तेवढ्यात तुमचा काचेचा फ्रंट तरी होतो का बघा.

मधेच आकडा वाढवायला काही त्रास नाही. एंडॉर्समेंट म्हणतात त्याला. वाढीव रकमेवर, उरलेल्या महिन्यांपुरताच प्रीमियम लागतो. फायरचा दर हजार रुपयांमागे असतो, दुकानाला फार जड नसतो. वर १८ टक्के जीएसटी.

दुसरं, काम चालू असतानाचं. इथे आकड्यापेक्षा कळवण्याला किंमत आहे. पॉलिसी देताना कंपनीने काय गृहीत धरलेलं असतं, तर चालू दुकान, रोज उघडतंय, रात्री कुलूप, आत साड्या. तुम्ही आषाढात तिथे काय करणार? दुकान बंद, आत सुतार, थिनर, वेल्डिंग. ही जोखीम वेगळी. जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीच्या अटींमध्ये तर स्वच्छ लिहिलेलं असायचं की धंद्याचं स्वरूप बदलून जोखीम वाढली किंवा जागा ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली आणि नुकसान होण्याआधी कंपनीची लेखी मंजुरी घेतलेली नसली तर विमा तिथे थांबतो. तुमच्या पॉलिसीचं आख्खं वर्डिंग मागवा, ते दोन पानांचं शेड्यूल (रकमा-पत्त्यांचा तक्ता) नाही, आणि त्यात रिकाम्या जागेबद्दल काय आहे ते वाचा. बर्ग्लरीचं वेगळं वाचा, तिथे दिवसांची अट आणखी कडक असू शकते.

तिसरं, उद्यमनगर. पॉलिसी पत्त्याला चिकटलेली असते. महाद्वार रोडचा माल उद्यमनगरात गेला की तो त्या पॉलिसीच्या बाहेर. टेम्पररी रिमूव्हल म्हणून एक सोय असते पण ती प्रोसेसिंग-फिनिशिंगसाठी बाहेर पाठवलेल्या मालाची, तीही १० टक्क्यांपुरती. तुम्ही २० लाखांचा माल हलवणार. नवीन लोकेशन जोडून घ्या, दोन्ही जागा मिळून एकच रक्कम, म्हणजे फ्लोटर, करता येतं का विचारा म्हणजे माल इकडचा तिकडे झाला तरी दर वेळी कळवायला नको. आतेभाऊ तिथे करतात काय ते पण सांगा, कंपनी विचारणारच.

महाद्वारवाला

काका लई धन्यवाद, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आतेभावाचं फॅब्रिकेशनचं आहे, ग्रिल आणि गेट बनवतो. शेडचा अर्धा भाग रिकामा आहे म्हणून तिथे म्हटलं.

पॉलिसी_काका

साड्या आणि वेल्डिंग एका छपराखाली? अहो भाडं वाचवायला निघालात आणि... राहू दे. दुसरी जागा बघा. दोन महिन्यांसाठी आरसीसी गाळा मिळाला तर उत्तम. आणि पावसाळा आहे म्हणून सांगतो, अंगणात बांबू-ताडपत्रीचा मांडव घालून त्यात माल ठेवायचं मनातही आणू नका. ताडपत्री, बांबू, प्लास्टिक हे सगळं विम्याच्या भाषेत कच्चं बांधकाम, त्याचा दर वेगळा आणि न सांगता ठेवलात तर वाद ठरलेला.

रंधा_आणि_करवत

मी इंटिरियरची कामं घेतो, पुणे-सातारा साइडला. काकांनी कागदाचं सांगितलं, मी साइटवरचं सांगतो कारण आगी तिथेच लागतात.

तुम्ही कधी चालू साइटवर संध्याकाळी जाऊन बघा. सुताराचं कटर मशीन, त्याला प्लग नसतो. प्लग तुटलेला असतो कधीचा, मग वायरीची दोन उघडी टोकं सॉकेटात घालून आगपेटीच्या काड्या ठोकतात घट्ट बसावं म्हणून. आगपेटीच्या काड्या! खाली भुश्शाचा ढीग, बाजूला सनमाइका चिकटवायच्या सोल्युशनचा उघडा डबा, पॉलिशवाल्याचं थिनर. त्यात कुणीतरी जुन्या शटरचं गाइड कापायला गॅस कटर लावतो. ठिणगी भुश्शात पडली तर लगेच भडकत नाही, आत धुमसत राहते, माणसं सहाला हात धुवून जातात आणि आठला धूर येतो. म्हणून माझ्याकडे नियम आहे, वेल्डिंग-कटिंग दुपारी चारनंतर नाही, जवळ एक्स्टिंग्विशर आणि पाण्याची बादली, आणि काम संपल्यावर एक माणूस तासभर तिथेच बसून राहणार. सुतार लोक हसतात मला, हसू दे.

अजून एक, लेबर रात्री साइटवर झोपणार का हे आधी ठरवून घ्या. झोपले की छोटी शेगडी येतेच, वरच्या मजल्यावर तुमचा २० लाखांचा माल आणि खाली फोडणी.

आता कॉन्ट्रॅक्टरकडून काय मागायचं. एक, डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगार जिन्यावरून पडला, करंट बसला तर भरपाईची. ती त्याच्या नावाने, तुमची साइट आणि माणसांची संख्या खरी टाकलेली. सुताराने आठ माणसं आणलीत आणि पॉलिसीत चार असतील तर ती तुमच्या काय कामाची? शिवाय औषधपाण्याचा खर्च त्यात आपोआप नसतो, तो वेगळा जोडावा लागतो. दोन, कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, आम्ही कार म्हणतो, गाडीची नव्हे. त्यात चालू असलेलं काम आणि थर्ड पार्टी (तिसऱ्या कुणाचं नुकसान) दोन्ही येतं. छोटे कॉन्ट्रॅक्टर म्हणतील हे मोठ्या प्रोजेक्टचं असतं. नाही, २० लाखांच्या कामालाही मिळते, मी स्वतः काढतो आणि कोटेशनमध्ये त्याची ओळ दाखवतो. ज्याला नको त्याला सांगतो दुसरा बघा.

तुम्ही भिंत काढताय ना, त्यासाठी तर हवीच. काका, बरोबर ना?

पॉलिसी_काका

शंभर टक्के बरोबर, आणि हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. फायर पॉलिसी म्हणजे ठरलेल्या संकटांची यादी असते. आग, वीज पडणं, वादळ-पूर, दंगल, टाकी किंवा पाइप फुटून पाणी वगैरे. गवंडी भिंत फोडत होता आणि वरचा स्लॅब खाली आला, हे त्या यादीत कुठेच नाही. जमीन खचण्याचं कलम आहे पण त्यातच लिहिलेलं असतं की पाडकाम, बांधकाम, स्ट्रक्चरल बदल किंवा खोदाईमुळे झालं असेल तर नाही. स्प्रिंकलर गळतीचंही तसंच, दुरुस्ती चालू असताना गळला तर नाही. म्हणजे रिनोव्हेशनमध्ये जे होण्याची सगळ्यात जास्त भीती तेच नेमकं बाहेर. ती पोकळी कार पॉलिसीने भरते, आणि त्यात ओनर्स सराउंडिंग प्रॉपर्टी नावाचं जोडकव्हर मागून घ्या, म्हणजे काम चालू नसलेला भाग, वरचं स्टोअर, त्यातला माल, हे त्यात येतं. पॉलिसीत मालक म्हणून तुमचंही नाव टाकायला सांगा, नुसतं कॉन्ट्रॅक्टरचं नको.

शेजारच्या दुकानाचं काय? तुमच्याकडून आग तिकडे गेली तर तुमची फायर पॉलिसी त्यांना एक रुपया देत नाही, ती फक्त तुमच्या मालमत्तेची. महाद्वार रोडला भिंतीला भिंत लागून दुकानं आहेत. थर्ड पार्टी लिमिट तेवढं धरून घ्या.

आणि हो, कॉन्ट्रॅक्टरशी लेखी करार करताना त्याने जर ‘आमच्या कामामुळे काही नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशी ओळ घातली तर सही करू नका. का सांगतो. वेल्डरच्या चुकीने आग लागली तरी तुमची फायर कंपनी तुम्हाला क्लेम देईल, आग ती आग. पण नंतर ती कंपनी तुमच्या जागी उभी राहून कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करू शकते, तो तिचा हक्क. तुम्ही आधीच त्याला माफी लिहून दिलीत तर कंपनी म्हणणार आमचा हक्क तुम्ही घालवलात, आणि क्लेम लटकणार.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणमधून. आमच्याकडे २२ जुलै २०२१ ला काय झालं ते सगळ्यांना माहितीये, बाजारपेठ आख्खी पाण्यात होती. त्यानंतर आमच्या लाइनीतल्या जवळपास प्रत्येकाने दुकान नव्याने केलं, रॅक भिंतीला उंच घेतले, बोर्ड आणि मीटर वर नेले, माळ्याला लोखंडी फ्रेम टाकली. इन्शुरन्स किती जणांनी अपडेट केला ते विचारू नका.

त्यात एकाचं सांगतो, नाव नको. त्याला बँकेने पॉलिसी दिलेली ती निव्वळ स्टॉकची. बँकेला तिच्या कर्जाशी मतलब, कर्ज स्टॉकवर, मग पॉलिसीही स्टॉकची. फर्निचरचा रकाना रिकामा! नवीन फर्निचर टर्म लोनवर झालं, ते वेगळ्या बँकेचं, त्यांनी वेगळी पॉलिसी मागितली नाही. पुढे पावसात मागच्या पत्र्यातून पाणी येऊन प्लाय सगळा फुगला तेव्हा याने दोन्हीकडे फोन केले आणि दोन्हीकडून एकच उत्तर, आमच्यात फर्निचर नाही. त्यामुळे शेड्यूलवर काय काय लिहिलंय ते चष्मा लावून बघा दादा. तुमच्याकडे ६ लाख तरी दिसतायत.

आणि कोल्हापूर असलं तरी पूर-वादळाचं कलम आहे ना ते बघून घ्या. मोठ्या फायर पॉलिसीत ते काढून टाकून थोडा डिस्काउंट घेणारे महाभाग असतात. तुमची पंचगंगा २०१९ ला कुठवर आली होती आठवत असेल. महाद्वार रोड उंचावर आहे म्हणा, पण हा नवीन गाळा कुठे घेताय ते महत्त्वाचं, शाहूपुरी साइडला घेतलात तर जरा चौकशी करा.

ताळेबंद

सीए आहे, नाशिक. दोन-तीन गोष्टी ज्या क्लेमच्या वेळी आमच्याकडे रडत येतात.

पहिली म्हणजे २० लाख हा आकडा कुठला धरायचा. ताळेबंदातला नाही. तिथे घसारा वजा होऊन आकडा दरवर्षी खाली जातो, विमा मात्र आज तेच नवीन करायला किती लागेल यावर हवा. फर्निचर-फिटिंगला हाच रिइन्स्टेटमेंट बेसिस असतो, स्टॉकला नसतो, त्याला खरेदी किमतीच्या हिशोबाने.

दुसरं जीएसटी. ज्याचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) तुम्ही घेतलंत तो कर क्लेममध्ये मिळत नाही, कारण तो तुमचा खर्चच नव्हता. एसी, सुटे रॅक, काउंटर यांचं क्रेडिट मिळतं तर ते कराशिवाय धरा. पण भिंत, फ्लोअरिंग, जिना असं बांधकामात मोडणारं जे कॅपिटलाइज करणार, म्हणजे मालमत्तेत दाखवणार, त्याचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये अडतं, मग तिथे विमा करासकट हवा. स्टॉकचं आणखी वेगळं, माल जळला किंवा चोरीला गेला तर आधी घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं, म्हणजे कराचा भुर्दंड पुन्हा तुमच्यावर. म्हणून स्टॉकचा आकडा करासकट ठेवा आणि तसं पॉलिसीत लिहून घ्या. ४० लाख कधी ठरवला होता? साडीचे भाव कुठे गेलेत. नवरात्र-दिवाळीच्या आधीचा भरलेला स्टॉक धरून बघा, मार्चमधला उतरलेला नको.

तिसरं, बिलं. सुताराला रोख दिले, कच्ची चिठ्ठी, असं २० पैकी ७-८ लाखांचं असतंच, मला माहितीये. सर्व्हेअर चिठ्ठी मानत नाही. तो जळलेल्या दुकानात उभा राहून उरलेल्या बिजागरीवरचा ब्रँड वाचतो, कोपऱ्यात प्लायचा तुकडा सापडला तर त्याची जाडी मोजतो, आणि तुम्ही सांगितलेल्या रेटशी लावून बघतो. पक्की बिलं, बँकेतून पेमेंट, आणि सीलिंग बंद व्हायच्या आधी आतल्या वायरिंगचे फोटो. हे सगळं ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा, दुकानातल्या कपाटात नको.

जुने रॅक विकलेत किंवा फेकलेत तर ते ६ लाखांतून वजा करायला विसरू नका. नसलेल्या वस्तूचा प्रीमियम भरण्यात काय अर्थ.

चहा_आणि_बरंच

थ्रेड हायजॅक करत नाही पण एक छोटा प्रश्न. आमचं पुण्यात स्टेशनरीचं दुकान, आता त्यातच मागे छोटा कॅफे टाकतोय, फार तोडफोड नाही, ओटा आणि एक गॅस लाइन. यालाही कळवायचं का? दुकान तर तेच आहे.

पॉलिसी_काका

ताई, तुमचं प्रकरण साडीवाल्यांपेक्षा नाजूक आहे. त्यांचं काम संपलं की परत साडीचंच दुकान. तुमच्याकडे कागदाच्या गठ्ठ्यांशेजारी कायमचा गॅस आला, म्हणजे ऑक्युपन्सीच (जागेचा वापर) बदलली. दर वेगळा लागू शकतो. गॅस जोडायच्या आधी कळवा आणि नवीन शेड्यूलवर स्टेशनरी आणि कॅफे दोन्ही शब्द आलेत का ते बघा. कमर्शियल सिलेंडर कुठे ठेवणार त्याचाही फोटो लावा. इमारतीत फायर सिस्टिम असेल तर तिचा बी फॉर्म, म्हणजे ती चालू असल्याचा दाखला, जानेवारी-जुलैचा भरलेला आहे का हे सोसायटीला विचारून ठेवा, सर्व्हेअर मागतो.

महाद्वारवाला

अपडेट देतो. सगळ्यांचं वाचून वडिलांनाही वाचायला दिलं, मोठ्याने वाचत होते, आगपेटीच्या काड्यांपाशी थांबले आणि म्हणाले आपल्या वायरमनने पण असंच केलंय वरती. खरंच केलेलं होतं, काढून टाकलं.

बँकेतल्या माणसाला बाजूला ठेवून कंपनीच्या ब्रँच ऑफिसला सरळ ईमेल टाकला आणि बँकेला कॉपी. त्यात काम कधी सुरू कधी संपणार, काय काय तोडणार, दुकान किती दिवस बंद, माल कुठे हलवणार, कॉन्ट्रॅक्टर कोण हे सगळं लिहिलं, कोटेशन आणि आत्ताचे फोटो जोडले. उत्तर आलं की चालेल, पण अटी आहेत. रात्री वॉचमन, साइटवर चालू एक्स्टिंग्विशर, वेल्डिंग फक्त दिवसा, थिनर दिवसाला लागेल तेवढंच आत आणायचं. गाळा राजारामपुरीत बघितलाय, आरसीसी, तळमजला नाही. तो पत्ता जोडून देतायत, थोडा प्रीमियम लागला. फर्निचरचा आकडा दोन टप्प्यांत वाढवायचा सल्ला दिला, निम्मं काम झालं की एकदा आणि पूर्ण झालं की फायनल बिलांवर. हे बरोबर का?

आणि दोन शंका राहिल्या. एक, जागा भाड्याची, भिंत मालकाची. मालक तोंडी हो म्हणालेत. इमारतीचा विमा त्यांनी काढलाय का ते माहीत नाही. दोन, बर्ग्लरी.

पॉलिसी_काका

दोन टप्पे बरोबर. चालू कामाला कार पॉलिसी असेलच, त्यामुळे मधल्या काळात दोन्हीत दुप्पट भरू नका, कुठलं काम कुठल्या पॉलिसीत आहे ते लिहून ठेवा. काम तुमच्या ताब्यात आलं की कारचं कव्हर संपत येतं आणि तुमच्या फायरमध्ये ते त्याच दिवसापासून घुसलं पाहिजे. त्या तारखेचं हँडओव्हरचं पत्र कॉन्ट्रॅक्टरकडून घ्या. तो ‘अजून पॉलिशचा हात बाकी आहे’ म्हणून ताबा लांबवतो आणि तुम्ही तोवर माल भरायला लागता, हा प्रकार करू नका.

मालकाचं तोंडी हो काही उपयोगाचं नाही. लेखी एनओसी घ्या, त्यात भिंत काढणार हे स्पष्ट. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि महापालिकेची परवानगी लागते का ते आर्किटेक्टकडून बघून घ्या. परवानगी नसलेल्या तोडफोडीवर क्लेम अडायला कारण मिळतं. तुम्ही भाड्याच्या जागेत केलेलं इंटिरियर तुमच्या पैशाचं, त्यात तुमचा विमेय हितसंबंध आहे (ते गेलं तर तुमचंच नुकसान), ते तुमच्या पॉलिसीत ‘भाडेकरूने केलेल्या सुधारणा’ असं वेगळं दाखवून घ्या. इमारत मालकाची, तिचा विमा त्यांनी काढायचा. पण तुमच्यामुळे ती जळली तर ते तुमच्याकडे बोट दाखवणार, म्हणून थर्ड पार्टी कव्हर हवं असं मी आधी म्हटलं त्यात मालकाची इमारतही धरा.

बर्ग्लरीत मुख्य गोष्ट अशी की जबरदस्तीने घुसल्याची खूण लागते, कुलूप तोडलं, शटर वाकवलं वगैरे. आणि जो माणूस तुमच्या परवानगीने आत होता त्याने चोरलं तर बहुतेक पॉलिस्यांत ते बाहेर. सुताराच्या हेल्परने दोन पैठण्या बॅगेत घातल्या तर बर्ग्लरीत बसत नाही. त्यामुळे वरच्या स्टोअरला वेगळं कुलूप, किल्ली तुमच्याकडेच, जिना त्यांच्या वाटेतून असेल तर मधे दार. शटर बदलताना एक-दोन रात्री नुसत्या प्लायवर जाणार असतील त्या रात्री माल तिथे नकोच.

रंधा_आणि_करवत

शटरचं मी सांगतो, नवीन शटर आणून उभं करून ठेवा आणि जुनं सकाळी काढून संध्याकाळपर्यंत नवीन बसवा, एका दिवसाचं काम आहे. काचवाला मात्र तारीख देऊन येत नाही, त्याच्या भरवशावर जुनं शटर काढू नका.

ताळेबंद

काचेचा विषय निघालाच आहे तर, शॉपकीपर्स पॅकेजमध्ये प्लेट ग्लास आणि साइनबोर्ड हे वेगळे सेक्शन असतात. तुमची नुसती फायर आणि बर्ग्लरी आहे. काच नुसती दगड लागून किंवा कामगाराच्या शिडीने फुटली तर फायरमध्ये नाही. बसवून झाल्यावर तेवढं घ्यायचं का बघा, मोठी काच असेल तर घ्या असं मी म्हणेन.

महाद्वारवाला

काच १० फुटी आहे, घेतोच. बोर्डावर वडिलांना निऑन नको, जुन्या अक्षरातलाच लाकडी हवाय, म्हणजे तो फर्निचरमध्येच धरतो. एनओसीचा मसुदा वकिलांकडे दिलाय, मालक परगावी आहेत, पंढरपूरहून आले की सही. सही होईपर्यंत भिंतीला हात लावू नका असं गवंड्याला सांगितलंय, बाकी रॅक उतरवायला सोमवारी सुरुवात.